नऊ गजांची कबर

यंदा १५ ऑगस्टला शाळेतले झेंडावंदन आटोपले आणि आम्ही नववीची काही मुले घेऊन खाप्याहून एसटीने नागपूरला गेलो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तेवढा तो सर्वांसाठी उघडतो.

किल्ल्यात एक मशीद आहे आणि जवळच एक लांबलचक कबर. लोक तिला नवगज अली बाबा म्हणतात. लष्करातले जवानच तिची देखभाल करतात. आम्ही फातिहा पढलो. इतक्यात एका मुलाने हळूच विचारले, "सर, हे बाबा नऊ गज उंच होते?"

बाकीची मुले हसली. आम्हाला हसू आले नाही. लहानपणी आम्हीही हेच समजत होतो.

तिथेच सावलीत मुलांना बसवून सांगितले : बेटा, हे नऊ गज एका माणसाची उंची नाही, नऊ माणसांची मोजदाद आहे. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. १८५७ च्या जूनमध्ये इथल्या घोडदळातले शिपाई आणि शहरातले मुसलमान यांनी उठावाचा बेत केला. आकाशात आगीचा फुगा सोडायचा, हा इशारा ठरला होता. बेत आधीच फुटला. नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांना याच किल्ल्याच्या तटावर फाशी दिल्याचे सांगतात. नवाबसाहेब टिपू सुलतानांचे नातू होते, असेही सांगितले जाते. त्या नऊ जणांची खूण म्हणून ही नऊ गजांची कबर.

याच टेकडीवर त्याच्या ४० वर्षे आधी, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला, अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली होती. त्या फौजेत अरब शिपाई होते. शेजारची लहान टेकडी त्यांनी काही काळ जिंकलीही. लढाई हरल्यावरही डिसेंबरअखेरपर्यंत त्यांनी नागपूर शहर सोडले नाही. राजा मराठा, लढणारे अरब! आणि समोर कोण? इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली बहुतेक आपलेच, मद्रास आणि बंगालच्या पलटणींतले हिंदू-मुसलमान शिपाई. हेही मुलांपासून लपवू नये. इतिहास सांगायचा तर पुरता सांगावा.

आपल्या घरांत काय होते? कबरीवर चादर चढते, नवस बोलले जातात, पण तिथे कोण झोपले आहे हे कुणी सांगत नाही. माणसे विसरली जातात आणि गजांची लांबी तेवढी लक्षात राहते. मग उद्या कुणी आपल्या मुलाला विचारले, "या देशासाठी तुमच्यातल्या कुणी काय केले?", तर तो मान खाली घालतो. उत्तर त्याच्या घरापासून एसटीच्या एका फेरीवर असते आणि त्याला ते ठाऊक नसते. हा दोष मुलाचा नाही. तो आम्हा शिक्षकांचा आहे आणि अम्मी-अब्बांचाही.

परतताना त्याच मुलाने विचारले, "सर, त्या नऊ जणांच्या घरच्यांचे पुढे काय झाले असेल?" सकाळी तो कबरीची लांबी विचारत होता. संध्याकाळी माणसांविषयी विचारू लागला.

येत्या २६ जानेवारीला आपली मुले तिथे जरूर न्या. मगफिरतची दुआ तर मागाच. पण त्याआधी, कबरीजवळ उभे राहून, त्यांना ही हकिकत सांगा.