राबणाऱ्या अंगाला व्यायाम कशाला?

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा-सिंदखेड राजा पट्ट्यात शेडनेटखाली भाजीपाल्याचं संकरित बियाणं तयार होतं, बरंचसं जालन्याच्या कंपन्यांसाठी. त्यातलं निम्मं कौशल्य बायांच्या बोटांत असतं. मिरचीची कळी उमलण्याआधी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर एकेक करून काढायचे, मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यावर नर झाडाचे पराग लावायचे. मान खाली, कोपर अधांतरी, अंगठा-तर्जनी सतत आवळलेली. मान, खांदा, मनगट दुखलं नाही तरच नवल.

अशा कुठल्याही दुखण्याचं निदान गावात आधीच ठरलेलं असतं. मणक्यात गॅप आहे. गुडघ्याची वाटी झिजली. वंगण संपलं. इलाजही ठरलेला: सुई, नाहीतर खाट. डॉक्टरने व्यायाम सांगितला की घरातले सगळे हसतात. दिवसभर राबतं ते अंग, त्याला आणखी व्यायाम कसला?

हा शेवटचा सवाल बिनतोड वाटतो. त्याआधी बाकीच्यांचा समाचार घेऊ.

गुडघा म्हणजे मोटारीचं बेअरिंग नव्हे. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःची रक्तवाहिनी नसते. वजन पडलं की ती दाबली जाते, वजन हटलं की सांध्यातला द्रव शोषून घेते आणि त्यावरच जगते. म्हणजे झिजेच्या भीतीने सांधा हलवायचा थांबवला, तर उपासमार त्या कूर्चेचीच. तिला वेदनेच्या नसाही नसतात. म्हणून एक्सरेतली झीज आणि अंगातलं दुखणं यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. मणक्याचंही तेच. पाठ मुळीच न दुखणाऱ्या माणसांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या मणक्यातल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. दुखणं मात्र कुणालाच नव्हतं. ‘गॅप’ ऐकून घाबरलेली बाई वाकायचं सोडते, वाकायचं सोडल्याने पाठ दुबळी होते आणि मग ती खरोखर दुखतच राहते.

खाटेचा निकाल तर केव्हाच लागला आहे. हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग 1995 साली छापून आला. पाठीत उसण भरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, काहींना सोसेल तेवढी नेहमीची कामं करायला सांगितली. सर्वांत आधी बरे झाले ते हे तिसरे. लक्षात घ्या, उसण ताजी असताना व्यायामाचा आग्रहही कामी आला नाही. आमच्याकडच्या अतिउत्साही योगशिक्षकांनी हे जरूर वाचावं.

सुईचं काय? डॉक्टरने मोजके दिवस दिलेली वेदनाशामकं वाईट नाहीत. वाईट आहे ते मेडिकलवरून परस्पर आणून महिनोन्‌महिने खाणं. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे, ती गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून 2006 साली ते औषध जनावरांसाठी बंद झालं. माणूस गिधाड नव्हे, कबूल. पण उन्हात कमी पाणी पिऊन राबणाऱ्याच्या मूत्रपिंडालाही रोजची गोळी मानवत नाही. आणि संधिवाताच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असलं, तर आठवड्यात पळायला लावणारी तीच पुडी पुढे हाडं ठिसूळ करते.

आता तो बिनतोड वाटणारा सवाल. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात 1996 साली संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने 4,092 प्रौढांची पाहणी केली. 18.2 टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. राबणं हाच व्यायाम असता तर ग्रामीण भागात एवढी माणसं दुखत बसली नसती. शरीर ताणाने नव्हे, ताणानंतरच्या विसाव्यात घडतं. व्यायामात ताण हळूहळू वाढवायचा असतो आणि मध्ये सुट्टी असते. कामात ताण ठरवतं पीक. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी उक्त्याने घेतली की मधले काही आठवडे न वाकलेली कंबर एकदम दिवसभर वाकते. कापूस किलोवर वेचायचा, म्हणून ओटी भरून लोंबेपर्यंत कुणी रिकामी करत नाही. तेच चार स्नायू वापरून वापरून थकतात, बाकीचे निजलेले राहतात.

तेव्हा राबणाऱ्या अंगालाच व्यायाम जास्त हवा, पण कामाची नक्कल करणारा नको. मान खाली घालून काम करणारीने खांदे मागे ओढावेत, बसून काम करणारीने बाजेवरून हात न टेकता सावकाश उठबस करावी, हंगामाच्या महिनाभर आधीपासून थोडं थोडं ओझं उचलत जावं. दुसऱ्या सकाळी दुखणं नेहमीपेक्षा वाढलं तर मात्रा कमी करायची, नाही वाढलं तर चालू ठेवायची. वय आड येत नाही. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीतल्या माणसांनी आठ आठवडे वजनं उचलली आणि मांड्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. हे 1990 सालीच सिद्ध झालं.

अर्थात सगळंच दुखणं या वाटेने जात नाही. बोटांचे सांधे सुजून सकाळी तासभर आखडत असतील तर तो आमवात असू शकतो, त्याला वेळेत औषधच हवं. पायातली शक्ती गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप येऊन पाठ दुखू लागली, तर थेट दवाखाना गाठावा.

राहिला प्रश्न वेळेचा. मजुरणीला विसावा देणार कोण? शेडनेटवाले म्हणतील, परवडत नाही. परवडतं. आखडलेल्या बोटांकडून कळीत एखादा पुंकेसर राहून जातो, फूल स्वतःच्याच परागाने फळतं आणि ते बी संकरित बियाण्यात मिसळतं. शुद्धतेच्या चाचणीत लॉट नापास झाला की मालकाचा अख्खा हंगाम जातो. दर दोन तासांनी दहा मिनिटं मान वर करू देणं त्याहून कितीतरी स्वस्त पडतं.