खांबावरच्या माणसासाठी पदक

पद्म पुरस्कार 1954 मध्ये सुरू झाले. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले, तर नोकरीत असलेला सरकारी कर्मचारी त्यांना पात्रच नसतो. पोलिसांच्या गणवेशावर राष्ट्रपती पदक झळकते, ते योग्यच आहे. पण आषाढातल्या मुसळधार पावसात, कमरेला दोर बांधून, दातांत बॅटरी धरून खांबावर चढलेला वायरमन? खाली कुणी छत्री धरून उभे असते. घरात दिवा लागला की सगळे त्याला विसरतात.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. महाराष्ट्राने अशांसाठी राज्य सेवा पदक सुरू करावे. नावे गावाने, ग्रामसभेने सुचवावीत. साहेबांच्या शिफारशीवर ते अडू नये. आणि हो, कंत्राटी कामगारांनाही ते मिळायला हवे. 1 मे रोजी, महाराष्ट्रदिनी, त्यांच्याच तालुक्यात, घरच्यांसमोर.