पाकिटावर नाव कंपनीचे, खुर्चीवर कोण?



बीटी कपाशीचे पाकीट आपण 2002 सालापासून फोडतो आहोत. पाकिटावर वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती, किंमत सारे छापलेले असते. ज्या कंपनीचे तंत्रज्ञान त्या सरकीत आहे, तिच्या संचालक मंडळात कोण बसत होते, हे मात्र आपण कधी विचारले नाही. नागपूरच्या बैठकीत आज तोच प्रश्न घेऊ.

कंपनीत दोन तऱ्हेचे संचालक असतात. एक, कंपनीचे पगारी साहेब. दुसरे, बाहेरचे. त्यांचा व्यवसाय वेगळा, उमेदवारी दुसरीकडे झालेली. वर्षातून काही बैठकांना यायचे, मानधन घ्यायचे, साहेबांच्या कारभारावर नजर ठेवायची आणि आपले शहाणपण कंपनीला द्यायचे. आपल्याकडेही 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत निदान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात.

आता मोन्सॅन्टोचे मंडळ पाहा. 1997 साली त्यात मिकी कँटर आले. धंद्याने वकील. 1993 ते 1996 अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी, पुढे वाणिज्य मंत्री. डंकेल प्रस्तावावर आपण गावोगाव भांडत होतो, तेव्हा अमेरिकेच्या वतीने गॅट करार शेवटास नेणारा माणूस हाच. बियाण्याच्या पेटंटला जगभर वाट करून देणारे कलम त्याच करारातले. 1998 साली मोन्सॅन्टोने जालन्याच्या महिकोत 26 टक्के भाग घेतला.

पुढच्या काळात आणखी नावे आली. रॉबर्ट स्टीव्हन्स, लढाऊ विमाने बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिनचे प्रमुख. ग्वेन्डोलिन किंग, अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्याच्या माजी आयुक्त. जॅनिस फील्ड्स, मॅकडोनाल्ड्सच्या अमेरिकेतल्या धंद्याच्या अध्यक्ष. शॅरन लाँग, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञ. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी कशा धरतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. 2009 साली डेव्हिड चिकॉइन, साउथ डकोटा राज्य विद्यापीठाचे अध्यक्ष आणि शेतीचे अर्थशास्त्रज्ञ.

या यादीत शिव्या देण्यासारखे काही नाही. ही कर्तबगार माणसे. त्यांना घेण्यात कायदा मोडला, असेही आम्ही म्हणत नाही. आम्हाला दिसतो तो कंपनीचा हिशेब. सरकारशी गाठ पडणार, तर सरकारचे दरवाजे ओळखणारा घ्या. विज्ञानाशी गाठ, तर शास्त्रज्ञ घ्या. शेतमालाचे गिऱ्हाईक कळायला हवे, तर ज्याच्या दुकानात तो माल जातो त्यांतला घ्या. आपल्यात काय कमी आहे हे ओळखून त्यांनी ती माणसे आणून बसवली. आमच्या माहितीतल्या या नावांत विदर्भात पऱ्हाटी पेरलेला कोणी नाही. असेल कशाला? मंडळ भागधारकांना बांधलेले. व्यापाऱ्याने तराजू आपल्या बाजूला झुकवावा, ही अपेक्षा धरणाराच भोळा.

म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांत 450 ग्रॅमचे पाकीट 1600 रुपयांच्या वर गेले आणि त्यात 1250 च्या आसपास तंत्रज्ञानाची फी होती. ती कमी झाली, ती मंडळातल्या कोणाला आपली दया आली म्हणून नाही. 2006 साली आंध्रच्या सरकारने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली, तेव्हा पाकीट 750 वर आले. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. 2016 साली फी 49 रुपये ठरली आणि 2020 साली शून्य झाली. सरकारने भाव बांधावा की बाजाराने ठरवावा, हा वाद वेगळा. दोन्ही ठिकाणी टेबलाभोवती शेतकरी नव्हता, ही गोष्ट खरी.

तो नसला की काय होते? बीटीभोवती बिगर-बीटीच्या पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त ते लावा, असा नियम सरकारी समितीने घातला. अळीत प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून. शास्त्र बरोबर होते. पण पाच एकरवाला एक एकर अळीसाठी सोडेल का, हे कोणाही डवरा धरलेल्या माणसाने क्षणात सांगितले असते. ते सोबतचे छोटे पाकीट बहुतेकांच्या धुऱ्यावरच राहिले. गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली, त्याचे हे एक कारण. 2017 साली विदर्भात बोंडे किडली, तो भुर्दंड आपण भरला.

2018 साली बायरने मोन्सॅन्टो विकत घेतली आणि ते मंडळ संपले. बायर जर्मनीची. तिथे 1976 च्या कायद्याने मोठ्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळातल्या निम्म्या जागा कामगारांच्या बाजूला जातात. बायरमध्ये 20 पैकी 10. तिथल्या कामगाराने आपली खुर्ची कायद्यात लिहून घेतली. बियाणे विकत घेणाऱ्याला खुर्ची नाही.

आता आपल्या अंगणात या. 2002 सालच्या दुरुस्तीने शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी काढता येते. संचालक 5 ते 15, सारे शेतकरीच. पण त्याच कायद्यात एक दार उघडे ठेवले आहे: एक पंचमांशापर्यंत तज्ज्ञ संचालक बाहेरून घेता येतात. म्हणजे दहाच्या मंडळात दोन. हे दार आपण कसे वापरतो? कोणी पुढाऱ्याचा भाचा घेतो, कोणी निवृत्त साहेबाला मान म्हणून बसवतो, बाकीच्यांची जागा रिकामीच. मोन्सॅन्टोला जे कळले ते आपल्याला का कळू नये?

बाहेरच्या माणसाचे आपल्याला वावडे नाही. शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरीला होते. तिथून येऊन त्यांनी आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि उत्पादन खर्चाचा हिशेब आपल्या हातात दिला.

तेव्हा ज्या गावात उत्पादक कंपनी आहे, तिथल्या सभासदांनी पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारावेत. आपल्याला काय येत नाही? रुईचा उतारा आणि सरकीचा भाव काढणारा, करारातली मेख ओळखणारा वकील, जमाखर्च तपासणारा सीए, यांतला कोण हवा? आणि तो ज्याला कापूस विकायचा, त्याच जिनिंगवाल्याचा माणूस तर नाही ना? त्याचा व्यवसाय, त्याचे हितसंबंध सभेत वाचून दाखवा, मगच खुर्ची द्या.

त्यांच्या मंडळात आपल्याला कोणी बोलावणार नाही. आपल्या मंडळात कोणाला बोलवायचे, ते आपल्या हातात आहे.