जागा दिली, पुस्तकाचे काय?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. याच कायद्याच्या १७ व्या कलमात पुस्तके व इतर शैक्षणिक साहित्य विनामूल्य पुरविण्याची तरतूद आहे. मात्र ती वयाच्या १८ व्या वर्षापर्यंतच. म्हणजे अंध विद्यार्थी महाविद्यालयाची पायरी चढतो, नेमक्या त्याच सुमारास ती संपते.

स्वामित्वहक्काची सबब आता कोणी पुढे करू नये. २०१२ च्या दुरुस्तीने कोणतेही पुस्तक अंधांसाठी ब्रेल, ध्वनिमुद्रित वा संगणकीय रूपात आणण्याची मुभा दिलेली आहे. याच विषयावरील २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देशही भारतच. परंतु ही नुसती मुभा आहे. पुस्तक अशा रूपात दिलेच पाहिजे, असे बंधन त्या दुरुस्तीने प्रकाशकावर घातलेले नाही.

मराठीतून शिकणाऱ्याची स्थिती अधिक बिकट. आपली क्रमिक पुस्तके वर्षानुवर्षे युनिकोडपूर्व अक्षरसंचांत जुळविली गेली. कागदावर ती सुबक दिसतात. पण पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीला ती उमगत नाहीत, आणि ‘मागणी’ या शब्दाच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग ऐकू येते. पाने स्कॅन करून दिली, तर त्या प्रणालीच्या लेखी ते नुसते चित्र. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषाही असतात. त्यांचे शब्दांत वर्णन विषय जाणणाऱ्यानेच लिहावे लागते. आणि ते आपले काम आहे असे बहुसंख्य प्राध्यापकांना अद्याप वाटत नाही!

आजवर ही उणीव भरून काढली ती वाचून दाखविणाऱ्या सोबत्यांनी, फावल्या वेळात ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी आणि मूठभर संस्थांनी. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु कुणाच्या सवडीवर चालणारी व्यवस्था परीक्षेचे वेळापत्रक पाळू शकत नाही, आणि त्या सवडीच्या आधारे शासनाने निश्चिंत राहावे हे तर मुळीच मान्य होण्यासारखे नाही.

खर्चाचा बाऊ केला जातो. वस्तुतः पुस्तक छापण्यापूर्वी त्याचा मजकूर संगणकात तयारच असतो. तो बाजूला ठेवायचा, छापील पाने पुन्हा स्कॅन करायची, चुका निस्तरायच्या, आणि पुण्यात झालेले हेच काम नांदेडला नव्याने करायचे, ही खरी उधळपट्टी होय. एकदा तयार झालेली प्रत दुसऱ्याला देण्यास जवळजवळ काहीच पडत नाही.

तेव्हा अभ्यासक्रमास पुस्तक लावतानाच प्रकाशकाकडून युनिकोड मजकूर घेण्याची अट विद्यापीठांनी घालावी. ग्रंथालयांच्या अनुदानालाही तीच अट असावी. १७ व्या कलमातील वयोमर्यादा काढून पदवी पुरी होईपर्यंत साहित्य मिळावे, ही मागणी संसदेपर्यंत न्यावी लागेल. तोवर अधिसभांत निवडून गेलेल्या कार्यकर्त्यांनी अंदाजपत्रकाच्या बैठकीत विषयवार यादी मागावी: नेमलेल्या पुस्तकांपैकी किती पुस्तके अंध विद्यार्थ्याला आज वाचता येतात, आणि उरलेल्यांसाठी किती रक्कम धरली आहे?