ती मी नव्हेच!

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रंथालयाच्या व्हरांड्यात एका मेलेल्या बाईवरून भांडण झाले. आवाज इतके चढले की अखेर ग्रंथपालांनी बाहेर येऊन आम्हा चौघांना हाकलून दिले. गंमत अशी की, ती बाई मुळात कधी जन्मलीच नव्हती. ती होती अमेरिकेतल्या 'एक्स-मेन' नावाच्या चित्रकथेची नायिका जीन ग्रे. प्रश्न एवढाच होता : तिच्या कथेचा शेवट कोणता खरा मानायचा?

कॉमिक्स म्हटले की आपल्याकडे नाक मुरडण्याची पद्धत आहे. 'बी. ए.ची मुले आणि चित्रांची पुस्तके वाचतात!' असे कोणी म्हणेल. पण इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आपणही इतिहासाच्या पुस्तकात लपवून वाचला होता, हे आमच्या एका सरांनी परवाच हसत हसत कबूल केले. तेव्हा जाणकारांनी क्षमा करावी आणि आधी ती कथा ऐकून घ्यावी.

एक्स-मेन म्हणजे जन्मतःच काही अद्भुत शक्ती लाभलेल्या माणसांचा गट. मार्व्हल प्रकाशनाने ही मालिका १९६३ साली सुरू केली आणि पहिल्या अंकापासून जीन ग्रे त्यात आहे. वस्तू न शिवता हलविणे आणि दुसऱ्याच्या मनातले ओळखणे या तिच्या शक्ती. १९७६ साली मित्रांना वाचविण्यासाठी ती सौरवादळातून अंतराळयान हाकत पृथ्वीवर आणते. यान न्यूयॉर्कजवळच्या जमेका उपसागरात कोसळते आणि पाण्यातून जीन वर येते ती एक नवी, अफाट शक्ती घेऊन. ती स्वतःला 'फिनिक्स' म्हणवते. राखेतून पुन्हा उठणाऱ्या पक्ष्याचे हे नाव.

पुढे एक कपटी माणूस भ्रम निर्माण करून तिच्या मनातल्या काळोख्या वासना चाळवतो. १९८० सालच्या अंकांत ती शक्ती तिला आवरेनाशी होते. तिला भूक लागते, आणि ती भूक भागविण्यासाठी ती एक अख्खा तारा गिळून टाकते. त्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या एका ग्रहावर डबारी नावाचे लोक राहत होते. ते ५ अब्ज लोक क्षणात नाहीसे होतात. नंतर जीन भानावर येते. पण शियार साम्राज्याची सम्राज्ञी तिला शासन करायला पुढे सरसावते. एक्स-मेन तिच्यासाठी चंद्रावर लढतात आणि हरत जातात. लढता लढता ती शक्ती जीनमध्ये पुन्हा जागी होऊ लागते. आपण पुन्हा तेच करणार, हे ओळखून जीन तिच्यावर जिवापाड प्रेम करणाऱ्या स्कॉटच्या डोळ्यांदेखत एका प्राचीन शस्त्राने स्वतःचा अंत करून घेते. हा १३७ वा अंक, सप्टेंबर १९८०चा. लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न.

कथा इथेच संपली असती तर आमचे भांडण झाले नसते. परंतु हा शेवट त्या दोघांनी आधी योजलेलाच नव्हता. त्यांनी तयार केलेल्या अंकात शियार लोक जीनच्या मनावर एक प्रकारची शस्त्रक्रिया करतात, तिच्या साऱ्या शक्ती काढून घेतात आणि ती साधी बाई म्हणून घरी परतते. हे पाहून मार्व्हलचे मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ५ अब्जांची हत्या करणारी व्यक्ती काहीच घडले नसल्यासारखी घरी जाऊ शकत नाही. त्यांनी आधी कायमच्या कैदेसारखी शिक्षा सुचविली. पण तिचे सोबती तिला सोडवायला पुन्हा पुन्हा जाणार, मग कथा तिथेच अडकणार, म्हणून ते मागे पडले आणि शेवटी मृत्यू ठरला. अंकाची अखेरची पाने नव्याने लिहावी-काढावी लागली. आधीचा शेवट पुढे १९८४ साली 'फिनिक्स : द अनटोल्ड स्टोरी' या अंकात सर्वांसमोर आला. त्यात हे लेखक, चित्रकार आणि संपादक एकत्र बसून या बदलाविषयी बोलले, तेही छापले आहे.

हे झाले दोन शेवट. तिसरा आला १९८६ साली. मार्व्हलला मूळचे पाच एक्स-मेन घेऊन 'एक्स-फॅक्टर' नावाची नवी मालिका काढायची होती आणि पाचांतली एक तर मेलेली! आता शूटर यांची अट अशी, की जीन परत यायची असेल तर त्या हत्येचा डाग तिच्यावर राहता कामा नये. तोड निघाली. ती तोड मुळात कर्ट ब्युसिक या एका तरुण चाहत्याच्या डोक्यातून आलेली, जो पुढे स्वतः नामवंत लेखक झाला. तोड अशी : जमेका उपसागरातून वर आली ती जीन नव्हतीच. तिचे रूप घेतलेली ती वैश्विक शक्ती होती. खरी जीन इतकी वर्षे उपसागराच्या तळाशी एका कोशात निजून होती. तारा तिने गिळला नाही, माणसे तिने मारली नाहीत, चंद्रावर मेली तीही ती नव्हे.

आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या नाटकातला लखोबा लोखंडे आठवला ना? मला तर तोच आठवला. फरक इतकाच, की लखोबा स्वतः खोटे बोलत होता आणि इथे बिचाऱ्या जीनच्या वतीने तिचे लेखकच 'ती मी नव्हेच' म्हणत होते.

आमच्या व्हरांड्यातल्या सभेत या तिन्ही शेवटांना एकेक वकील मिळाला. पुण्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ही पुस्तके आणणारा मित्र म्हणाला, "कथा ज्यांची, शेवट त्यांचा. संपादकाने लुडबूड का करावी?" दुसरा म्हणाला, "शूटरच बरोबर. पापाला शिक्षा हवी." आणि माझी मैत्रीण, जिचा जीववर जीव आहे, कळवळून म्हणाली, "पण ती परत आली ना! त्यात वाईट काय? बिचारीचा दोष नव्हता, हे कळल्यावर मला किती बरे वाटले!" अमेरिकेतल्या चाहत्यांमध्येही गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे साधारण हेच तीन पक्ष आहेत.

माझ्या मैत्रिणीचे वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना. कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते जीन ग्रेविषयी नव्हते. माझ्या वडिलांविषयी होते.

इथे घरचे सांगावे की नाही, याचा मी खूप विचार केला. वडिलांना विचारले. ते म्हणाले, "लिही. खोटं थोडंच हाय?" म्हणून लिहिते.

माझी ताई दहावी झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमच्या घरात दहावी होणारी ती पहिली. तालुक्याच्या गावी राहून पुढे शिकायचे, असे ठरले होते. प्रवेशाचे, पुस्तकांचे आणि खोलीचे पैसे आईने खुरपणीच्या मजुरीतून साठवून तांदळाच्या डब्यात ठेवले होते. वडील तेव्हा फार पीत. एका रात्री डबा रिकामा झाला. ताई त्या वर्षी कांद्याच्या लागणीला गेली आणि दोन वर्षांनी तिचे लग्न झाले. पुढे तीन वर्षांनी वडिलांनी दारू सोडली. त्याला आता सहा वर्षे झाली. मी आज या महाविद्यालयात आहे, ती त्यानंतरच्या त्यांच्या कष्टांवर.

आत्या घरी आली की आईची समजूत घाली, "वयनी, त्यो आमचा दादा नव्हताच. दारूच समदं करत व्हती." शेजारीपाजारीही हेच म्हणत. ऐकायला किती गोड! पण आईने ते कधी मानले नाही. ती म्हणे, "दारू काय आपल्या पायानं चालत घरात आली व्हती? त्यांनीच आणली, त्यांनीच पेली. आन् सोडली बी त्यांनीच."

या शेवटच्या वाक्यात मला वाटते सारे आले. पिणारा जर माझा बाप नव्हता, तर सोडणारा कोण होता? हाच प्रश्न मला १९८६च्या लेखकांना विचारायचा आहे. तारा गिळणारी जर जीन नव्हे, तर चंद्रावर दुसऱ्यांना वाचविण्यासाठी मरणारी तरी जीन कशी? देवासारखे जगता आले असते तरी तिने माणूस म्हणून मरण पत्करले, असा त्या अंकाचा शेवट आहे. दोष पुसायला गेलात आणि त्याबरोबर तिचे मोठेपणही पुसून टाकलेत. तिच्या पदरात काय उरले? एक लांबलचक झोप! लेखकांनाही ते टोचले असावे. कारण १९८९ साली त्याच मालिकेत फिनिक्सच्या साऱ्या आठवणी जीनच्या मनात परत आणाव्या लागल्या.

मग मी शूटर यांच्या पक्षाची आहे का? नाही. माझे वडील जिवंत आहेत आणि त्यांनी जिवंत असावे, असेच मला वाटते. पापाला मरण हाच उतारा असता तर आमच्या घरात आज दोन्ही वेळा चूल पेटली नसती. १९८०चा शेवट मला पटतो, तो जीन मरते म्हणून नव्हे. भ्रम घालणाऱ्या माणसाकडे बोट दाखविण्याची सोय असूनही ती ते दाखवत नाही. 'हे मी केले' म्हणते आणि पुढचा निर्णय स्वतः घेते, म्हणून पटतो. तिच्या निर्मात्यांच्या पहिल्या शेवटात ती जगते खरी, पण तो निर्णय तिचा नसतो. परके लोक तिच्या डोक्यातून शक्ती काढून घेतात आणि हिशोब मिटला म्हणतात. क्षमा वेगळी आणि नाकबुली वेगळी. क्षमा करायची तरी आधी ज्याने केले तो समोर हवा.

गेल्या दिवाळीत ताई माहेरी आली होती. ती तांदूळ निवडत होती आणि मी तिला ही कथा सांगत होते. तिन्ही शेवट सांगून झाल्यावर विचारले, "ताई, तुला कोणता बरा वाटतो?" ती थोडा वेळ खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "त्या जळालेल्या लोकांतलं कुणी बोललं का गं?"

मी पुस्तक पुन्हा उघडून पाहिले. ज्या अंकात तो ग्रह जळतो, त्यात त्या लोकांच्या वाट्याला मोजक्या चौकटी आहेत. त्यांच्या वतीने बोलते ती शियारची सम्राज्ञी. व्हरांड्यात आम्ही तासभर भांडलो; जीनचे काय व्हावे, यावर चौघांना चार मते होती. पण ५ अब्जांचे काय, हा प्रश्न एकालाही सुचला नव्हता.

ताई पुढे म्हणाली, "ती मेली म्हणून त्यांना काय मिळालं? काही नाही. पण ती नव्हतीच म्हणलं, तर मग त्यांचं नेलं कुणी?"

मी इथे प्रवेश घेतला त्या दिवशी वडील बरोबर होते. फीची पावती घेऊन ते सरळ घरी गेले नाहीत. वाट वाकडी करून ताईच्या सासरी गेले. पावती तिच्यापुढे धरून म्हणाले, "ह्यो पहिला मान तुझा व्हता. म्या खाल्ला." ताई काही बोलली नाही. तिने चहा टाकला. त्या पावतीने ताईचे कॉलेज परत आले नाही आणि तिने वडिलांना माफ केले की नाही, हेही मी कधी विचारलेले नाही. पण आपले नेले कोणी, याचे उत्तर तिला त्या दिवशी मिळाले, तेही नेणाऱ्याच्या तोंडून.

जीन ग्रे जगावी की मरावी, याचा वाद चाहते खुशाल पुढेही घालोत; आम्हीही घालू. व्हरांड्यातून हाकलले तर कँटीनमध्ये घालू! माझे म्हणणे एवढेच, की तिला जगवायचे असेल तर खुशाल जगवा, पण 'हे मी केले' म्हणणारी म्हणून जगवा. तशा शेवटाला माझे मत आहे. ताईचेही असावे, असे वाटते.