चालकाच्या दिवसांची बेरीज कोण करणार?

दसरा जवळ आला की बुलढाणा जिल्ह्यात चालकांना एकदम भाव येतो. सोयाबीन बाजार समित्यांकडे निघते, पाठोपाठ कापूस जिनिंगच्या वाटेला लागतो आणि त्याच दिवसांत ऑनलाइन खरेदीची पार्सले खामगाव, मलकापूर, चिखलीत येऊन पडतात. पिकअप, छोटा हत्ती किंवा दुचाकी चालवणाऱ्या तरुणांना हातोहात काम मिळते. पुढे दिवाळी उलटते, कापसाची आवक ओसरते आणि ‘गरज पडली की फोन करतो’ एवढ्यावर त्यांची बोळवण होते. हे काम हंगामीच असते, अशी सर्वांची समजूत आहे. ती चुकीची आहे. जिल्ह्यात मालवाहतुकीचे काम बारा महिने आहे, पण ते अनेक मालकांत वाटले गेले आहे आणि त्याची एकत्र नोंद कुठेच होत नाही. ही नोंद सुरू झाली, तर आजच्या हंगामी कामातून कायमचा व्यवसाय उभा राहू शकतो.

वर्षाचा क्रमच पाहा. सोयाबीन, कापसानंतर तुरीचा, मग हरभरा-गव्हाचा माल निघतो. उन्हाळ्यात लग्नसराईचे सामान असते, पेरणीपूर्वी खते-बियाणे गावोगाव पोचवायची असतात. किराणा, औषधे, सिमेंट यांना तर हंगामच नाही. मलकापूर, नांदुरा, खामगाव राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहेत. सिंदखेडराजा, मेहकर, लोणारच्या पट्ट्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो आणि जून २०२५ पासून तो मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. आता समजा, एखाद्या चालकाने पार्सलवाल्याकडे ६० दिवस, जिनिंगच्या वाहतूकदाराकडे १०० दिवस आणि खत विक्रेत्याकडे ९० दिवस गाडी चालवली. बेरीज २५० दिवस होते. कामगार कायद्यात सलग सेवेची जुनी मोजपट्टी वर्षाला २४० दिवसांची आहे. पण ती एका मालकापुरती मोजली जाते. त्यामुळे वर्षभर राबूनही हा माणूस तिन्ही ठिकाणी परकाच राहतो. फेऱ्यांचा हिशेब मालकाच्या वहीत किंवा व्हॉट्सअॅपवर होतो, उचल आणि नुकसानभरपाई वजा होऊन उरलेली रक्कम हातावर टेकवली जाते. पगारपत्रक नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, म्हणून गाडीसाठी बँकेकडे गेला तर दाखवायला उत्पन्नाचा कागदही नाही.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि अॅपवर काम करणाऱ्यांना केंद्रीय कायद्यात प्रथमच स्थान मिळाले. अॅप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने असे कामगार २०२०-२१ मध्ये ७७ लाख असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होण्याचा अंदाज दिला होता. त्यामुळे ही तरतूद मोलाचीच आहे. पण आडत्याचा, जिनिंगचा किंवा खतांच्या दुकानाचा माल वाहणारा चालक कोणत्याही अॅपवर नसतो आणि या तरतुदीच्या कक्षेत येत नाही. बुलढाण्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात नेमका हाच चालक मोठ्या संख्येने आहे.

याचे उत्तर महाराष्ट्राकडेच आहे. मालक अनेक, काम रोजचे, हमी कुणाचीच नाही, हीच अवस्था एकेकाळी हमालांची होती. हमालांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. कामगार आणि मालक दोघांनी मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मालकाने मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि इतर लाभ द्यायचे, अशी ती रचना आहे. मालक बदलला तरी कामगाराचे खाते एकच राहते. १९८१ मध्ये राज्याने हीच चौकट खासगी सुरक्षारक्षकांना लावली, म्हणजे ती ओझे उचलण्यापुरती नाही हेही सिद्ध झाले. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये अॅपवरील कामगारांसाठी स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्राने त्यापुढे जाऊन अॅपवरील आणि अॅपबाहेरील मालवाहू चालकांसाठी एकच मंडळ स्थापन करावे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल. छोट्या व्यापाऱ्याची अडचण खरी आहे, म्हणून लेव्ही फेरीच्या भाड्यावर आणि अल्प असावी. पण ऐन हंगामात अनोळखी माणसाच्या हाती मालाने भरलेली गाडी देण्यात जी जोखीम आहे, तिचीही किंमत व्यापारी आज मोजतोच. दुसरा आक्षेप म्हणजे तरुणांना बांधून घेणारी नोकरी नको असते. मंडळात कुणी कुणाला बांधलेले नसेल. काम निवडण्याची मोकळीक राहील, फक्त केलेले काम वाया जाणार नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळली जाते, अशा तक्रारी उद्योजकांनी केल्या आहेत. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक फेरीची मोबाइलवर नोंद आणि थेट बँक खात्यात पैसे. मध्यस्थाला जागाच ठेवू नये.

चालकांनीही एकेक पायरी चढत राहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते. परवान्याला एक वर्ष झाले की जड वाहनाचा मार्ग खुला होतो. दुचाकीवरून पिकअप, पिकअपवरून ट्रक हा प्रवास शक्य आहे. पण गाडीच्या कर्जासाठी उत्पन्नाचा कागद लागतो, म्हणून चालकांनी आजपासून प्रत्येक फेरीची तारीख, माल आणि मिळालेली रक्कम स्वतः लिहून ठेवावी आणि पैसे शक्यतो खात्यातच घ्यावेत. जिल्ह्यातील आमदारांनी हा प्रश्न विधिमंडळात मांडावा आणि बाजार समित्यांनी मंडळाची वाट न पाहता आपल्या आवारात येणाऱ्या चालकांची नोंदवही उघडावी. हमालाच्या घामाची मोजदाद महाराष्ट्राने १९६९ मध्ये सुरू केली; तोच माल पुढे नेणाऱ्या चालकाला तिच्याबाहेर ठेवण्याचे कोणतेही समर्थन आता उरलेले नाही.