रुळालगत : वाफेच्या गाडीला सवलत नको

पूर्णा जंक्शनवर जुन्या रेल्वेवाल्यांच्या घोळक्यात बसलं की विषय अजिंठा एक्स्प्रेसवर आल्याशिवाय राहत नाही. काचीगुडा-मनमाड या मीटर गेज मार्गावर वाफेच्या इंजिनाची ही गाडी १९६७ मध्ये ताशी सरासरी ४२.५ किलोमीटर वेगाने धावायची. देशातल्या मीटर गेजवरच्या वाफेच्या गाड्यांत तेव्हा तिच्यापेक्षा वेगवान कोणी नव्हती. निजामाच्या काळातली ती लाइन पुढे ब्रॉडगेज झाली. मग कुणीतरी हळहळतं : एखादं इंजिन जपून वर्षातून एकदा परभणी-नांदेड पळवायला काय हरकत आहे? फेअरी क्वीन नाही का, १८५५ चं इंजिन, १९९७ मध्ये पुन्हा दिल्लीहून अलवरला धावू लागलं!

हरकत काहीच नाही. मीही तिकिटाच्या रांगेत उभा राहीन. पण रांगेत उभं राहण्याआधी वूटन बॅसेटची गोष्ट ऐका.

७ मार्च २०१५. इंग्लंडमध्ये लंडन-ब्रिस्टल मुख्य मार्गावर ‘टॅंगमियर’ नावाचं वाफेचं इंजिन पर्यटकांची खास गाडी ओढत होतं. वाटेत तात्पुरत्या वेगमर्यादेचा इशारा मिळाला. ड्रायव्हरने वेळेत दाद दिली नाही, म्हणून यंत्रणेने आपोआप ब्रेक लावला. नियम सांगतो, थांबा आणि सिग्नलवाल्याला कळवा. इंजिनातल्या मंडळींनी त्याऐवजी कॅबमधला कॉक फिरवला आणि ती यंत्रणाच बंद करून टाकली. पुढचा लाल सिग्नल ओलांडून गाडी थेट वूटन बॅसेट जंक्शनच्या सांध्यावर आडवी थांबली. ज्या गाडीसाठी तो सिग्नल लाल ठेवला होता, ती नुकतीच तिथून गेली होती. कुणाला खरचटलंही नाही. तरीही गाडी चालवणाऱ्या वेस्ट कोस्ट रेल्वेज कंपनीला काही आठवडे मुख्य मार्गावर बंदी झाली. पुढच्या वर्षी न्यायालयाने दोन लाख पौंडांचा दंड केला आणि ड्रायव्हरला चार महिन्यांची निलंबित शिक्षा सुनावली.

दोष इंजिनाच्या वयाचा नव्हता. वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरच्या समोर लांबलचक बॉयलर असतो. बाजूच्या छोट्या खिडकीतून, धुरातून सिग्नल हेरावा लागतो. म्हणजे आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेची गरज अशा इंजिनाला जास्तच, आणि नेमकी तीच बंद केली गेली. हौसेची गाडी नेहमीच्या गाड्यांच्या मध्ये घुसवली की वेळेचा तगादा वाढतो. थांबलो तर मागे रांग लागेल, ही धास्ती असते. २०१५ मध्येच १२ सप्टेंबरला आपल्याकडे कालका-शिमला मार्गावर ब्रिटिश पर्यटकांसाठी खास सोडलेली गाडी वळणावर घसरली आणि दोघींचा जीव गेला. तो मार्ग मुख्य मार्ग नव्हे, इंजिनही वाफेचं नव्हे. पण पाहुण्यांच्या गाडीला भौतिकशास्त्र पाहुणचार करत नाही, एवढं तिथेही दिसलं.

आता परभणी. आपल्या स्टेशनातून जाणारा मनमाड-मुदखेड आणि परळीमार्गे बिदरकडे जाणारा, हे दोन्ही मार्ग दक्षिण मध्य रेल्वेच्या ‘कवच’ लावलेल्या १,४६५ किलोमीटरच्या जाळ्यात आहेत. ड्रायव्हर लाल सिग्नलकडे निघाला तर ब्रेक लावण्याचं काम कवच करतं, पण इंजिनावर यंत्र बसवलेलं असेल तरच. संग्रहालयातून काढलेल्या इंजिनावर ते आपसूक कुठून येणार? त्यामुळे कवच लावलेल्या गाड्या सावध आणि त्यांच्यामधली ही गाडी फक्त ड्रायव्हरच्या डोळ्यांवर विसंबलेली, असा प्रकार होईल. ‘एकच दिवस तर आहे’ म्हणून त्यासाठी सूट मागितली जाईल, हे मी आजच सांगून ठेवतो. आपल्याकडे सूट मागण्यात कुणी मागे नसतं.

ती देऊ नये. खर्च वाढला तर वाढू द्या, तिकीट महाग होऊ द्या, नाहीतर दोन-तीन तासांसाठी इतर गाड्या रोखून मार्ग मोकळा ठेवा. गाडी सुटणार असेल तर रेल्वेने आधी दोन गोष्टी जाहीर कराव्यात : इंजिनावर कवच बसवून त्याची चाचणी झाली आहे का, आणि ते बंद करण्याच्या बटणाला सील कुणाच्या सहीने लागणार आहे.